रेट्रो गेम मशीनचं वायफाय लागंना? कार्ड पुसण्याआधी हे वाचा

आमच्या लातूरच्या दुकानातून रास्पबेरी पाय (थोडक्यात 'पाय') या छोट्या संगणकावर बांधलेलं, जुने व्हिडिओ गेम खेळायचं रेट्रो गेम मशीन नेलेल्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे.

आम्हाला येणारे बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "वायफायचं नाव दिसायलंय, पण लागंना." पुढे चौकशी केली की कळतं, घरात कुणीतरी व्हिडिओ बघून मशीनचं मेमरी कार्ड फॉरमॅट केलं, म्हणजे पुसलं, आणि सगळं नव्याने टाकलं. वायफाय तरीही लागलेलं नसतं. लेकरानं सुट्टीभर खेळून जपलेले सेव्ह, म्हणजे गेम कुठवर आला त्याच्या नोंदी, मात्र गेलेले असतात. वायफायची सेटिंग पुन्हा करायला दहा मिनिटं पुरतात, पण पुसलेले सेव्ह आम्हालाही परत आणता येत नाहीत. म्हणून कळकळीची विनंती, वायफायसाठी कार्ड पुसू नका.

कार्डातले गेम खेळायला वायफाय लागतच नाही. ते लागतं लॅपटॉपवरून फाइल टाकायला, गेमची चित्रं उतरवायला, अपडेटला आणि दूरच्या मित्राबरोबर खेळायला. तेव्हा नेट नसलं तरी पोरांचा खेळ थांबवायची गरज नाही. दुरुस्ती सवडीने करा.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

राऊटरपासून मशीनपर्यंत लॅनची वायर लावून बघा. मशीनमधल्या गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे रेट्रोपायच्या मेनूत 'शो आयपी' उघडा. १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसला आणि नेट चाललं, तर राऊटर आणि लाइन दोन्ही ठीक आहेत, अडचण फक्त वायफायची आहे. १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर राऊटरने मशीनला पत्ताच दिलेला नाही. राऊटर बंद करून पुन्हा चालू करा. झीरो मॉडेलला लॅनची जागा नसते. तिथे मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. हॉटस्पॉट लागला आणि घरचं वायफाय लागलं नाही, तर मशीन उघडू नका, राऊटरकडे वळा.

अडॅप्टर

पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह चमकलं, तर मशीनला वीज कमी पडतेय. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की ते चिन्ह येतं. अशा वेळी गेम चालू राहतो, पण वायफाय तुटत राहतं. पाय ३ ला अडीच अँपिअरचा आणि पाय ४ ला तीन अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर किंवा बारीक, लांबलचक केबल वापरू नका. टीव्हीच्या मागच्या यूएसबीतून तर मुळीच वीज घेऊ नका, ते पोर्ट एवढ्या कामासाठी नसतं.

जागा: इथेच निम्मं उत्तर सापडतं

मागच्या उन्हाळ्यात औशाचे एक काका मशीन घेऊन तीनदा दुकानात आले. आमच्याकडे लावलं की एका मिनिटात वायफाय लागायचं, घरी नेलं की गायब. हिवाळाभर मशीन त्याच टीव्हीपाशी व्यवस्थित चालत होतं. शेवटी आम्ही त्यांच्या घरी गेलो. राऊटर पुढच्या खोलीत, टीव्ही मधल्या खोलीत, आणि दोन्हींच्या मधल्या खिडकीला चैत्रात बसवलेला पत्र्याचा मोठा कूलर, टाकी काठोकाठ भरलेली. पत्रा वायफायच्या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. राऊटर खिडकीच्या रेषेतून काढून दाराच्या बाजूला वर खिळ्याला टांगला आणि काम झालं. मशीनला हातही लावावा लागला नाही.

आपल्याकडच्या घरांचा विचार करूनच हे सांगतोय. माळवदाच्या घरात दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती असतात. वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. अशा दोन भिंती ओलांडून ५ गिगाहर्ट्झ सहसा पोचत नाही, २.४ च वापरावं लागतं. स्लॅबच्या घरात भिंत पातळ असली तरी लोखंडी कपाट आडवं येतं. टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटवून मशीन ठेवलं, तर टीव्हीच आड येतो. हातभर बाजूला सरकवून बघा. मशीनवर नंतर बाहेरून आणलेली धातूची केस चढवली असेल, तर ती काढून तपासा, कारण अँटेना बोर्डावरच असते.

पाय ४ ला निळ्या पोर्टात हार्ड डिस्क लावली असेल तर तीही संशयित धरा. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. डिस्क काढल्यावर वायफाय लागलं, तर चांगल्या वायरने ती दूर ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झ वापरा.

पासवर्ड बरोबर आहे, तरी "चुकीचा" म्हणतंय

या दोषावर लोकांचे तासन् तास जातात. सॉफ्टवेअर नव्याने टाकलं की कीबोर्डची मांडणी ब्रिटिश असते, आणि आपल्या बाजारात मिळणारे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे असतात. ब्रिटिश मांडणीत शिफ्ट आणि २ दाबलं की 'ॲट'च्या चिन्हाऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं. आता आपल्याकडे किती पासवर्ड 'नाव, ॲट, १२३' अशा धाटणीचे असतात ते तुम्हीच आठवा! बोटं बरोबर कळा दाबतात आणि मशीनकडे भलतंच जातं. शिफ्ट आणि २ दाबून पडद्यावर काय येतं ते आधी बघा. अवतरणचिन्ह आलं, तर रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या मेनूमध्ये लोकलायझेशनखाली कीबोर्ड यूएस करा. तेवढ्यापुरतं भागवायचं असेल, तर अवतरणचिन्हाची कळ शिफ्टसह दाबा, 'ॲट' येईल.

तिथेच असताना 'डब्ल्यूलॅन कंट्री', म्हणजे वायफायसाठी निवडलेला देश, इंडिया आहे ना तेही बघून घ्या. देश निवडलेला नसेल, तर पाय ३ बी प्लस आणि नंतरच्या मॉडेलांत वायफाय कुलूपबंद राहतं. एकही नाव दिसत नसेल, तर आधी हेच तपासा.

२.४ की ५?

मॉडेलचं नाव मशीनच्या बुडाशी चिकटवलेलं आहे. २०१६ चं पाय ३ बी, झीरो डब्ल्यू आणि झीरो २ डब्ल्यू यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. २०१८ च्या ३ बी प्लसपासून पाय ४ आणि ५ पर्यंत दोन्ही पट्टे चालतात. म्हणून शेजारच्या मोबाइलला दिसणारं नाव मशीनला दिसलं नाही, तर घाबरू नका. राऊटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर वेगवेगळी नावं द्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटमध्येही २.४ निवडा, आयफोनवर त्यासाठी 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' चालू करावं लागतं.

राऊटरमध्ये वायफायच्या सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए-३ ठेवला असेल तर डब्ल्यूपीए-२ करून बघा. ट्यूशन एरियात, जिथे एका इमारतीत वीस-पंचवीस राऊटर असतात, तिथे २.४ चा चॅनल 'ऑटो'वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळा निवडा. हेच तीन एकमेकांवर चढत नाहीत.

होस्टेलवर राहणाऱ्या मुलांसाठी: ज्या वायफायला जोडल्यावर ब्राउझरमध्ये मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकावा लागतो, ते या मशीनवर चालणार नाही. लॉगिनचं पान उघडायला तिथे ब्राउझरच नाही. त्यात मशीनचा दोष नाही, तुमचाही नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा.

लॅपटॉपवर मशीनचं फोल्डर दिसत नसेल, तर दोघं एकाच वायफायवर आहेत का ते बघा. गेस्ट नेटवर्कवरची यंत्रं बहुधा एकमेकांना दिसत नाहीत.

ब्लूटूथ रिमोट अडखळतोय

वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर आहेत. २.४ वरून मोठी फाइल येत असताना गेम खेळायचा ब्लूटूथ रिमोट उशिरा प्रतिसाद देतो. फाइल संपेपर्यंत थांबा किंवा रिमोट वायरने जोडा.

लाइट गेली तर

लाइट आल्यावर मशीन अर्ध्या मिनिटात उठतं, फायबरच्या डब्याला दोन-तीन मिनिटं लागतात. डब्याचे दिवे स्थिर झाल्यावरच मशीन चालू करा. राऊटर इन्व्हर्टरवर असेल तर मशीनही त्यावरच घ्या, कारण चालू मशीनची वीज अचानक गेली की कार्डातल्या फाइली बिघडू शकतात. आणि आजच सेव्हची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

एवढं करूनही लागलं नाही, तर दुकानात या. मशीन, रोज वापरता तोच अडॅप्टर आणि केबल, आणि पेनड्राइव्ह घेऊन या. राऊटर काढून आणू नका, घरचं नेट बंद पडेल. त्याच्या मागच्या स्टिकरचा आणि टीव्हीपासून राऊटरपर्यंतच्या खोल्यांचा फोटो आणा. खिडकीत कूलर असेल तर फोटोत तोही येऊ द्या.