पिढ्यांची भेट कोणत्या अटींवर व्हावी?

बालवाडीतल्या मुलांना शुश्रूषागृहातील वृद्धांकडे दर आठवड्याला नेले, तर वृद्धांविषयीची त्यांची भीती कमी होईल आणि आपुलकी वाढेल, असे कोणालाही वाटेल. 1987 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र याच्या उलट घडलेले दिसले. सुमारे वर्षभर अशा भेटींना गेलेल्या मुलांच्या मनातील वृद्धांचे चित्र, भेटींना न गेलेल्या मुलांच्या तुलनेत, अधिक नकारात्मक झाले होते. या मुलांना भेटलेली माणसे आजारी आणि परावलंबी होती. म्हातारपण म्हणजे दुबळेपण हा समज त्या भेटींनी पुसला नाही, उलट डोळ्यांसमोर उभा केला. वेगवेगळ्या पिढ्यांना एकत्र आणणारा उपक्रम आखणाऱ्या प्रत्येकाने सुरुवातीलाच विचारात घ्यावा, असा हा निष्कर्ष आहे.

माणसाचे वय पाहून त्याची कुवत, स्वभाव आणि गरजा परस्पर ठरवून टाकणे म्हणजे वयभेद. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1969 मध्ये या पूर्वग्रहाला वंशभेद आणि लिंगभेद यांच्या पंक्तीत बसवून त्याला स्वतंत्र नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार जगातील दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी असे पूर्वग्रह आहेत. हा अन्याय फक्त वृद्धांच्याच वाट्याला येतो असेही नाही. वयावरून आपल्याला वेगळी वागणूक मिळते असे सांगणाऱ्यांचे प्रमाण युरोपात तरुणांमध्ये सर्वाधिक असल्याची नोंद त्याच अहवालात आहे. ‘अजून लहान आहेस’ आणि ‘आता वय झाले’ ही दोन्ही वाक्ये समोरच्याचे म्हणणे ऐकण्याआधीच त्याला गप्प करतात.

या पूर्वग्रहाची झळ थेट शरीराला लागते, हे येल विद्यापीठातील बेका लेव्ही यांच्या संशोधनाने ठळकपणे पुढे आले. अमेरिकेतील ओहायो राज्यात 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या 660 व्यक्तींनी स्वतःच्या वार्धक्याविषयी दिलेल्या उत्तरांची सांगड लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्या किती वर्षे जगल्या याच्याशी घातली. वय, लिंग, आर्थिक स्थिती आणि आरोग्य यांतील फरक हिशेबात घेऊनही, वार्धक्याकडे सकारात्मक दृष्टीने पाहणारी माणसे सरासरी 7.5 वर्षे अधिक जगल्याचे त्यांनी 2002 मध्ये मांडले. लेव्ही यांची उपपत्ती अशी की, म्हातारपणाविषयीचे समज आपण लहानपणीच, ते आपल्याला लागू नसतात तेव्हा, कसलाही प्रतिकार न करता स्वीकारतो आणि पुढे वय वाढले की तेच समज स्वतःवर उलटतात. मग थोडेसे विस्मरण झाले तरी माणूस धास्तावतो, दुखणे वयाचेच आहे असे मानून उपचार टाळतो, व्यायाम सोडतो आणि सततच्या ताणाखाली राहतो. म्हणूनच वयभेदाविरुद्धचे काम बालपणापासून सुरू व्हायला हवे असे मला वाटते.

आता प्रश्न उरतो भेटीच्या स्वरूपाचा. परस्परांविषयी पूर्वग्रह असलेले दोन गट जवळ आले की तो पूर्वग्रह आपोआप विरत नाही, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच सांगितले होते. त्यांच्या मते त्या प्रसंगी दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी एकमेकांचे सहकार्य लागावे आणि या सगळ्याला संस्थेचे किंवा समाजाचे पाठबळ असावे. 1987 च्या अभ्यासातील भेटी या कसोटीवर तपासल्या, तर काय कमी पडले ते ध्यानात येते. एक बाजू पाहायला आलेली आणि दुसरी अंथरुणाला खिळलेली असेल, तर दोघांनी मिळून करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

बाल्टिमोर शहरातील ‘एक्स्पिरियन्स कोअर’ या उपक्रमाची रचना याहून अगदी निराळी होती. त्यात ज्येष्ठ स्वयंसेवक आठवड्याला सुमारे 15 तास सरकारी प्राथमिक शाळांमध्ये मुलांना वाचायला शिकवण्यासाठी आणि शिक्षकांना मदत करण्यासाठी जात. इथे ज्येष्ठांकडे ठरलेली जबाबदारी होती, त्यासाठी आधी प्रशिक्षण दिले जाई आणि मुलांची प्रगती हे सर्वांचे सामाईक उद्दिष्ट होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी काही सहभागींच्या मेंदूची प्रतिमाचित्रे दोन वर्षे तपासली. तुलनेसाठी निवडलेल्या गटात वयानुसार अपेक्षित असलेली मेंदूच्या आकारमानातील घट दिसली, तर स्वयंसेवक पुरुषांमध्ये आकारमानात किंचित वाढ आढळली. स्त्रियांमधील फरक सौम्य होता आणि अभ्यासगटही लहान होता, त्यामुळे या निष्कर्षाचा फार मोठा अर्थ लावू नये. पण उपयोगी पडण्याची संधी मिळणे हे आरोग्याच्याही फायद्याचे असू शकते, याला त्यातून आधार मिळतो.

सहजीवनाचे प्रयोगही झाले आहेत. टोकियोतील कोतोएन या संस्थेत 1976 पासून वृद्धांचे निवासस्थान आणि पाळणाघर एकाच छताखाली आहे. नेदरलँड्समधील डेव्हेंटर शहरात एका वृद्धनिवासाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विनाभाडे खोल्या दिल्या आणि मोबदल्यात महिन्याला 30 तास चांगला शेजारी होण्याची अट घातली. शेजारपणात रोजच्या, विनाकारण गप्पा असतात. समोरच्याच्या आवडीनिवडी आणि रागलोभ ठाऊक झाले की, ‘म्हातारी माणसे अशीच’ किंवा ‘तरुण मुले तशीच’ हे सरधोपट वर्णन त्याला लागू पडेनासे होते.

वृद्धांविषयीचा वयभेद कमी करण्यासाठीच्या उपक्रमांवरील 63 अभ्यासांचा आणि त्यांतील 6,124 सहभागींचा एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष संपर्काला वार्धक्याविषयीच्या शिक्षणाची जोड दिल्यास दृष्टिकोनात सर्वाधिक बदल होतो आणि किशोरवयीन व तरुण गटांत परिणाम विशेष दिसतो, असे त्यात आढळले. स्वतःच्या म्हातारपणाची धास्ती मात्र अशा उपक्रमांनी लक्षणीयरीत्या कमी झाली नव्हती.

अनेक ठिकाणी सर्वांत सोपा म्हणून निवडला जाणारा उपक्रम म्हणजे तरुणांनी ज्येष्ठांना मोबाइल वापरायला शिकवणे. तो निश्चितच उपयुक्त आहे, पण मदत सतत एकाच दिशेने वाहत राहिली, तर ज्येष्ठांना काही जमत नाही हा समज त्यातून पक्का होण्याचा धोका असतो. तरुण आणि ज्येष्ठ अशा त्याच जोडीने परिसराचा इतिहास ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घेतले, तर यंत्र हाताळण्याचे कौशल्य एकाकडून येते, आठवणी आणि त्यांचे संदर्भ दुसऱ्याकडून येतात आणि संपादनाचे निर्णय दोघांना मिळून घ्यावे लागतात. असे काम काही महिने चालावे, जोड्या वारंवार बदलू नयेत आणि आराखडा तयार होत असतानाच दोन्ही वयोगटांतील माणसांना त्यात मत असावे.