चेनसॉ कार्बुरेटरची टॅकोमीटरने जुळवणी

चेनसॉ म्हणजे साखळी करवत. तिच्या टू-स्ट्रोक एंजिनात पेट्रोल आणि हवा कोणत्या प्रमाणात जावी, हे कार्बुरेटरच्या स्क्रूंनी ठरते. स्क्रू फिरवताना एंजिनाचे दर मिनिटाचे फेरे टॅकोमीटरवर मोजायचे आणि उत्पादकाने दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचे, अशी ही पद्धत आहे. टॅकोमीटर फेरे मोजतो, मिश्रण मोजत नाही; मिश्रणाचा अंदाज फेऱ्यांवरून बांधावा लागतो. या पद्धतीचे गुण आणि तिच्यातले धोके, दोन्हींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

इतिहास : ‘टॅकोमीटर’ हा शब्द ग्रीक ‘ताखोस’ (वेग) आणि ‘मेत्रोन’ (माप) यांवरून आला. उपकरणाच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. बऱ्याच संदर्भग्रंथांत ते श्रेय जर्मन यंत्रज्ञ डीड्रिख उलहॉर्न यांना दिलेले असून वर्ष १८१७ दिलेले आढळते. त्यांचे उपकरण केंद्रोत्सारी प्रेरणेवर चाले, म्हणजे वॉटच्या वाफेच्या एंजिनावरील फिरत्या गोळ्यांच्या नियंत्रकाचेच तत्त्व त्यात मापनासाठी वापरले होते. मात्र इंग्लंडमधील ब्रायन डाँकिन यांचे यंत्राची फिरण्याची गती दाखवणारे उपकरण १८१० च्या सुमाराचे आहे आणि त्यासाठी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्‌सने त्यांना पदक दिले होते. डाँकिन यांची युक्ती देखणी होती. पारा भरलेली वाटी गरगर फिरवली की पाऱ्याचा पृष्ठभाग मधोमध खोल जातो. त्या पाऱ्यात टेकवलेल्या काचनळीतील रंगीत द्रव त्यामुळे खाली उतरतो आणि नळीवरच्या खुणांवरून गती वाचता येते. १८१७ हे वर्ष उलहॉर्न यांच्या नाणी पाडण्याच्या प्रसिद्ध यंत्राशीही जोडलेले असल्याने दोन नोंदींची सरमिसळ झाली असणे शक्य आहे. कालक्रम पाहता डाँकिन यांचा दावा अधिक भक्कम वाटतो. उलहॉर्न यांनी तीच गरज स्वतंत्रपणे, वेगळ्या रचनेने भागवली असे मानण्यास हरकत नसावी.

चेनसॉच्या बाजूने पाहिले, तर ही जुळवणी आजच्या रूपात आवश्यक झाली ती पडद्याच्या कार्बुरेटरमुळे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत डोल्मार आणि स्टिल या कंपन्यांच्या पेट्रोलवर चालणाऱ्या करवती आल्या, त्या दोन माणसांनी उचलायच्या जड यंत्रांच्या जातीच्या होत्या. त्या पिढीच्या कार्बुरेटरमध्ये तरंगता गोळा असे, त्यामुळे एंजिन उभेच ठेवावे लागे. आडवा काप घ्यायचा तर एंजिन तसेच ठेवून पाते (साखळी जिच्यावरून धावते ती पट्टी) फिरवण्याची सोय करावी लागे. १९५० च्या आगेमागे गोळ्याची जागा लवचीक पडद्याने घेतली. अमेरिकेतील टिलट्सन आणि पुढे वॉलब्रो या कंपन्यांची नावे या कार्बुरेटरशी कायमची जोडली गेली. आता करवत उलटी धरली तरी पेट्रोल पोचू लागले. त्याच दशकात गिअर काढून साखळी थेट एंजिनाच्या दांड्यावरून फिरवण्याची पद्धत रुळली. युरोपात स्टिलची १९५९ ची ‘काँट्रा’ हे तिचे ठळक उदाहरण होय. गिअर गेल्यावर साखळीला वेग हवा तर एंजिनाचाच वेग वाढवावा लागतो. फेऱ्यांचा आकडा महत्त्वाचा झाला तो येथून.

स्क्रू आणि त्यांचे काम : या कार्बुरेटरवर बहुधा तीन स्क्रू असतात. ‘एल’ मंद गतीचे आणि तेथून वेग घेण्याच्या क्षणाचे मिश्रण ठरवतो, ‘एच’ पूर्ण रेसवरचे. तिसरा (हुस्कवार्ना या स्वीडिश कंपनीच्या करवतींवर ‘टी’, स्टिलवर ‘एलए’) मिश्रणाला हात लावत नाही. तो फक्त मंद गतीला कार्बुरेटरची झडप किती उघडी राहावी हे ठरवतो. दुचाकीचे मिस्त्री ज्याला ‘स्लो वाढवणे’ म्हणतात ते या तिसऱ्या स्क्रूचे काम. एल आणि एच घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की पेट्रोल कमी होते, उलट फिरवले की वाढते. पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणाला गॅरेजमध्ये ‘रिच’ म्हणतात, कमी असलेल्याला ‘लीन’. या नोंदीतही तेच शब्द वापरले आहेत.

चारचाकीच्या एंजिनात मिश्रण लीन झाले तर ताकद आणि सरासरी यांचा प्रश्न येतो. येथे प्रश्न एंजिनाच्या जिवाचा असतो. टू-स्ट्रोक एंजिनाला वेगळे ऑइल मिळत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइल, आजच्या बहुतेक करवतींत एका लिटरला २० मिलि., तेवढेच पिस्टन आणि बेअरिंगला पोचते. एच स्क्रू आवळला की पेट्रोल कमी होते आणि त्याच प्रमाणात वंगणही. ज्वलन तापते, पिस्टनला थंडावा देणारे पेट्रोलही घटते आणि एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनवर ओरखडे उमटून तो सिलिंडरमध्ये धरतो. हे घडण्याआधी करवत सुस्तावत नाही, उलट अधिक चपळ वाटते, फेरे चढतात आणि आवाज स्वच्छ होतो. शिकाऊ माणूस फसतो तो याच ठिकाणी.

उपकरण : चेनसॉसाठी आज बहुधा प्रवर्तनी टॅकोमीटर वापरतात. प्लगच्या वायरीला तार गुंडाळली, किंवा काही प्रकारांत उपकरण नुसते जवळ धरले, की प्रत्येक ठिणगीचा विद्युत्‌ स्पंद त्याला कळतो. चेनसॉचा मॅग्नेटो फेरीला एक ठिणगी देतो, म्हणून उपकरण ‘फेरीला एक स्पंद’ यावर लावायचे. चुकून दुसऱ्या जागी राहिले तर आकडा निम्मा किंवा दुप्पट दिसतो. त्याआधीच्या काळात लहान एंजिनांसाठी कंप पावणाऱ्या तारेचे साधन वापरात होते. तार हळूहळू बाहेर काढत नेली की एका लांबीला ती जोरात थरथरते आणि तेथला आकडा वाचायचा. प्रकाशावर चालणारे टॅकोमीटर येथे फारसे सोयीचे नाहीत, कारण ज्यावर चकाकती पट्टी चिकटवायची ते फ्लायव्हील झाकणाखाली असते. स्वस्त उपकरणांत पडद्यावरचा आकडा एंजिनाच्या मागे राहतो. तो स्थिर होईपर्यंत रेस धरून ठेवणे हेच एंजिनाला अपायकारक.

पद्धत : जुळवणीपूर्वी एअर फिल्टर स्वच्छ, पेट्रोल ताजे, पाते व साखळी बसवलेली आणि साखळीचा ताण योग्य हवा. एंजिन गरम झालेले हवे. ज्या करवतींच्या स्क्रूंना मर्यादा-टोप्या नाहीत, त्यांत एल आणि एच हलकेच टेकवून एकेक फेरा उलट फिरवणे ही नेहमीची सुरुवात. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. प्रथम एल दोन्ही बाजूंना हळू फिरवून मंद गतीचे फेरे जास्तीत जास्त कोठे होतात ते शोधतात आणि तेथून पाव फेरा उलट, म्हणजे रिचकडे आणतात. मग टी ने मंद गती बसवतात. हुस्कवार्ना ३७२ एक्सपी या सर्वपरिचित करवतीसाठी ती २,७०० आहे. साखळी स्थिर राहिलीच पाहिजे. ती सरकत असेल तर आकडा बरोबर असूनही क्लच तपासावा. यानंतर एच. काही सेकंदच पूर्ण रेस देऊन आकडा वाचायचा, रेस सोडायची, स्क्रू हलवायचा, पुन्हा वाचायचे. शेवटी एल पुन्हा पाहतात, कारण एच हलवल्याने मंद गतीचे मिश्रणही थोडे बदलते.

त्याच ३७२ एक्सपीसाठी विनाभार कमाल मर्यादा १३,५०० आहे, तर लहान सिलिंडरच्या ३४६ एक्सपीसाठी १४,७००. हे आकडे मनमानी नाहीत. ३७२ च्या पिस्टनची धाव ३६ मिमी. आहे, १३,५०० फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १६ मी. होतो. तीन-अष्टमांश इंच पिचची साखळी सात दातांच्या चाकावरून त्या गतीने सेकंदाला ३० मी. धावते, म्हणजे ताशी १०८ किमी. बेअरिंग, दांडा आणि साखळी यांची सहनशक्ती या आकड्यात अगोदरच मोजलेली असते.

आकडा की कान : या प्रश्नावर जाणकारांत दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते उत्पादकाचा आकडा अंतिम असून कानावर विसंबणे जुनाट आहे. दुसऱ्याच्या मते करवत कापाच्या वेळी कशी बोलते हे ऐकल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. दोन्ही बाजू तपासताना ‘फोर-स्ट्रोकिंग’ समजून घ्यावे लागते. मिश्रण थोडे रिच असले की विनाभार पूर्ण रेसवर एखाद्या फेरीचे ज्वलन चुकते आणि पुढच्या फेरीला ते पेटते. टू-स्ट्रोक एंजिन काही काळ एक आड एक फेरीला पेटू लागते. आवाजात भडभड येते. करवत लाकडात घातली, फेरे ९,००० ते १०,००० पर्यंत उतरले, की तीच भडभड विरून सूर स्वच्छ होतो. विनाभार भडभड आणि कापात स्वच्छ सूर ही योग्य मिश्रणाची खूण मानली जाते.

याचे गणित संगीत जाणणाऱ्यास चटकन पटेल. १३,५०० फेरे म्हणजे सेकंदाला २२५ ठिणग्या. हा सूर पेटीवरच्या पांढरी सहाच्या किंचित वर पडतो. १४,००० फेऱ्यांचा सूर २३३ हर्ट्‌झ, म्हणजे जवळजवळ काळी पाच. दोहोंतले अंतर अर्ध्या स्वराहूनही कमी आहे. षड्जापासून कोमल ऋषभाइतके चढायला एंजिनाला सुमारे ९०० फेरे वाढवावे लागतात. तुलना करायला दुसरा सूर कानात नसताना एवढा फरक नुसत्या ऐकण्याने नेमका सांगणे तयार कानालाही अवघड. येथे टॅकोमीटरचा पक्ष बळकट ठरतो. पण फोर-स्ट्रोकिंगमध्ये एक आड एक ज्वलनामुळे खालच्या सप्तकातला सूर मिसळतो आणि तो कोणाच्याही कानाला कळतो. मिश्रणाविषयीची ही खरी बातमी टॅकोमीटरच्या आकड्यात उतरत नाही. म्हणून कमाल फेऱ्यांचा आकडा हे गाठायचे लक्ष्य न मानता ओलांडायची नाही अशी वेस मानावी आणि त्या वेशीच्या आत जागा कानाने निवडावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते. मोबाइलवर आवाज टिपून त्याची वारंवारता पाहण्याची पद्धतही आता रूढ होत आहे. ती दोन्ही पक्षांना जोडते.

वेगमर्यादा असलेल्या इग्निशन कॉइलमुळे या वादाला आणखी एक पदर आला. अशी कॉइल ठरावीक फेऱ्यांवर ठिणगी गाळते. टॅकोमीटर तेथेच अडतो आणि आवाजही फोर-स्ट्रोकिंगसारखा फुटका येतो. मिश्रण धोकादायक लीन असले तरी आकडा निर्दोष आणि आवाज ओळखीचा! अशा करवतीत एच मुद्दाम एवढा रिच करतात की फेरे मर्यादेच्या बरेच खाली राहून खरी भडभड ऐकू यावी, आणि तेथून कापात तपासत थोडा थोडा आवळतात.

फेरे नको तेथे चढत असतील, रेस सोडल्यावर लवकर उतरत नसतील किंवा मंद गती सारखी बदलत असेल, तर स्क्रूने इलाज करू नये. क्रँकचे सील, कार्बुरेटरमागची रबरी नळी किंवा पडद्याला दाब पोचवणारी वाहिनी यांतून हवा शिरत असण्याची शक्यता मोठी असते. गळती रिच मिश्रणाने झाकली तर आकडा जुळतो, पिस्टन मात्र वाचत नाही. आधी दाब व निर्वात चाचणी करावी.

हवा, उंची आणि इंधन : उंचीवर हवा विरळ होते व तोच स्क्रू मिश्रण रिच करतो. कोकण किनाऱ्यावर जुळवलेली करवत सुमारे १,३५० मी. उंचीच्या महाबळेश्वरला नेली, तर मिश्रण हिशेबाने ६ ते ७ टक्क्यांनी रिच होते. उलट प्रवास जास्त घातक. उंचावर जुळवलेली करवत किनाऱ्यावर लीन चालते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यात रस्त्यांवर आडवी पडलेली झाडे यंत्रकरवतींनी हटवावी लागली. बाहेरून मदतीला येणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

भारतात २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाच्या एका भागाला सुमारे १३.५. तोच स्क्रू, तेवढेच इंधन, तरीही ज्वलन साधारण ८ टक्क्यांनी लीन. प्रमुख उत्पादकांच्या बहुतेक पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालवून घेतात. जुन्या आकड्यावर विसंबून एच न हलवणे म्हणूनच येथे विशेष जोखमीचे. शिवाय पडदे व नळ्या लवकर कडक होतात ते वेगळे.

१९९० च्या दशकापासून अमेरिकेत लहान एंजिनांच्या धुरावर निर्बंध आले व स्क्रूंवर मर्यादा-टोप्या बसू लागल्या. २०१० च्या आसपास हुस्कवार्नाची ‘ऑटोट्यून’ आणि स्टिलची ‘एम-ट्रॉनिक’ या प्रणालींनी मिश्रण चालत्या एंजिनात आपोआप ठरवण्यास सुरुवात केली. या करवतींत एल व एच हे स्क्रू हाताने फिरवायचे राहिले नाहीत. टॅकोमीटर तेथे मंद गती, क्लच आणि कॉइल यांच्या तपासणीपुरता वापरतात.