सुकाणूचा असमतोल, शिडाच्या नौकेतील

वारा येतो त्या दिशेकडे चढत जाणाऱ्या शिडाच्या नौकेला दोन चाली असतात. वारा उजव्या अंगाने घेतला की स्टारबोर्ड टॅक, डाव्या अंगाने घेतला की पोर्ट टॅक. वारा, शिडे आणि कल (नौकेचे एका अंगाला झुकणे) सारखे असूनही एका चालीत टिलर, म्हणजे सुकाणू फिरवण्याचा दांडा, दोन बोटांनी पेलतो आणि दुसरीत तो हाताने ओढून धरावा लागतो, तेव्हा सुकाणूचा असमतोल आहे असे म्हणतात. नौका आपणहून वाऱ्याकडे नाक वळवू पाहते त्या प्रवृत्तीला वेदर हेल्म, तर वाऱ्यापासून दूर वळू पाहते तिला ली हेल्म म्हणतात. तीन ते पाच अंशांचा वेदर हेल्म सामान्यतः इष्ट मानला जातो, मात्र तो दोन्ही चालींत तेवढाच असावा.

तोलाचे पारंपरिक स्पष्टीकरण दोन बिंदूंवर उभे आहे : शिडांवरील दाबाचा मध्य आणि पाण्याखालील भागाच्या आडव्या विरोधाचा मध्य. दुसरा बिंदू काढण्यासाठी नौकेच्या बुडालेल्या भागाची बाह्याकृती पुठ्ठ्यातून कापून टाचणीच्या टोकावर तोलण्याची पद्धत होती. हे दोन्ही मध्य केवळ भूमितीचे आहेत. चालत्या नौकेतील खरे दाबमध्य शिडाच्या व कीलच्या (तळाखाली उतरलेल्या पात्याच्या) पुढच्या कडेकडे सरकलेले असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश नौदलातील अभियंता ॲडमिरल आल्फ्रेड टर्नर यांनी ‘मेटासेंट्रिक शेल्फ’ हा निराळा सिद्धांत मांडला. नौका कलल्यावर तिच्या पुढच्या व मागच्या भागांचे पाण्यातील आकारमान कसे बदलते, यावर तोल ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडमधील नेत्रतज्ज्ञ व हौशी नौका-रचनाकार हॅरिसन बटलर यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. स्थिर पाण्याचे गणित चालत्या नौकेला लावल्याचा आक्षेप या सिद्धांतावर घेतला जातो आणि तो ग्राह्य वाटतो. प्रस्तुत विषयापुरती महत्त्वाची गोष्ट अशी की दोन्ही मांडण्या नौकेची डावी-उजवी बाजू सारखीच धरून चालतात. शीड जुने होऊन फुगले, डोलकाठी मागे झुकली किंवा वाऱ्याच्या मानाने शीड जास्त झाले, तर सुकाणू दोन्ही चालींत जड होते. फरक पडायचा तर कारण एकाच बाजूचे असले पाहिजे. निदानाचा सगळा भर या भेदावर आहे.

नौकेला हात लावण्यापूर्वी वारा आणि समुद्र तपासावेत. उत्तर गोलार्धात घर्षणामुळे पृष्ठभागालगतचा वारा मंदावून वळतो आणि उंचीवर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सरकलेला असतो. त्यामुळे स्टारबोर्ड टॅकवर शिडाच्या शेंड्याला वारा अधिक मोकळ्या कोनातून मिळतो. दोन्ही चालींत शीड सारखेच घट्ट ठेवले, तर त्या चालीत कल आणि सुकाणूवरील ओढ वाढते. लाटांचेही तसेच आहे. कोकण किनाऱ्यावर वायव्येचा वारा आणि नैर्ऋत्येकडून येणारी लांब लाट असेल, तर पश्चिमेकडे जाणाऱ्या स्टारबोर्ड टॅकवर ती लाट नाळेवर (नौकेच्या पुढच्या टोकावर) आदळते, तर उत्तरेकडे जाणाऱ्या पोर्ट टॅकवर ती मागच्या कोपऱ्यातून येते. सर्वत्र सारखा वाहणारा प्रवाह मात्र सुकाणूच्या तोलावर परिणाम करत नाही. जमिनीच्या संदर्भातला मार्ग तो वाकडा करतो आणि दोष नौकेचा असल्याचा भास होतो. म्हणून निरीक्षण निराळ्या दिवशी, निराळ्या दिशेच्या वाऱ्यात पुन्हा करून पाहतात. फरक त्याच चालीला चिकटून राहिला, तरच तो नौकेचा.

यानंतर एका बाजूला ठेवलेली बॅटरी, अर्धवट भरलेली पाण्याची टाकी, नांगराची साखळी यांचे वजन पाहावे. वारा नसताना, धक्क्याला बांधलेली नौका सरळ उभी राहते का, एवढे पुरते.

मग डोलकाठी. शेंड्यावरून येणारा हॅलयार्ड (शीड चढवण्याचा दोर) एका बाजूच्या चेनप्लेटपर्यंत (डोलकाठीचे ताण जिथे नौकेला जोडतात त्या पट्टीपर्यंत) ताणून त्यावर खूण करतात आणि तोच दोर तेवढ्याच ताणाने दुसऱ्या बाजूला नेतात. खूण चेनप्लेटच्या वर किंवा खाली पडली, तर डोलकाठी एका अंगाला झुकली आहे. मात्र हॅलयार्डची कप्पी शेंड्याच्या मध्यावर आहे आणि दोन्ही चेनप्लेट मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर व उंचीवर आहेत, याची आधी खात्री हवी. दहा मीटर उंचीच्या डोलकाठीत एक अंशाचा झुकाव म्हणजे शेंड्याला सुमारे साडेसतरा सेंटिमीटर. डोलकाठी डावीकडे झुकली असेल, तर स्टारबोर्ड टॅकवर शिडाची ओढ नौकेच्या मध्यरेषेपासून आणखी बाहेर जाते व वेदर हेल्म वाढतो. पोर्ट टॅकवर तो घटतो. ही तपासणी बिनखर्चाची असल्याने ती आधी करावी.

पाण्याखालील दोष ओळखण्यासाठी शिडे उतरवून, शांत पाण्यात इंजिनावर वेग घेऊन ते न्यूट्रलमध्ये टाकतात. इंजिनाचा पाण्यातला पंखा फिरत असताना त्याचा प्रवाह सुकाणूवर आदळतो, म्हणून त्या अवस्थेतील निष्कर्ष भरवशाचा नसतो. न्यूट्रलमध्ये सरकणारी नौका टिलर सोडल्यावर एकाच बाजूला वळत असेल, तर वाकलेले सुकाणू, पिळलेली कील, डिंगीत (लहान शिडाच्या होडीत) वाकडा सेंटरबोर्ड (खाली-वर करता येणारे मधले पाते) किंवा मध्यरेषेबाहेर बसवलेला पंखा यांचा संशय घ्यावा. ती सरळ गेली, तर कारण बहुधा शिडे किंवा डोलकाठीत आहे. एक बारकावा अनेकदा निसटतो : दोन्ही चालींत टिलरचा कोन वेगळा, पण हाताला लागणारा जोर सारखा असेल, तर टिलर फक्त सुकाणूच्या पात्याशी तिरपा बसलेला असतो. तोल बिघडलेला नसतो.

काही नौकांत असमानता रचनेतच असते. कोकणातील मचवा, गलबत यांसारख्या पारंपरिक नौकांचे शीड तिरप्या लांब काठीला बांधून डोलकाठीच्या एकाच अंगाला टांगतात. वाऱ्याची बाजू बदलूनही काठी फिरवली नाही, तर शीड डोलकाठीवर दाबले जाऊन त्याचा आकार मोडतो. म्हणूनच अशा नौका बहुधा वाऱ्याला पाठ देऊन वळवतात व काठी डोलकाठीला वळसा घालून पलीकडे नेतात. पुढे झुकलेल्या डोलकाठीमुळे हे काम सुकर होते. मायक्रोनेशियातील प्रोआ या नौकेचा मुख्य सांगाडाच दोन्ही बाजूंनी वेगळा असतो. १७४२ मध्ये टिनियन बेटावर पोचलेल्या ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज ॲन्सन यांच्या मोहिमेच्या वृत्तांतात तिची वाऱ्याच्या उलट अंगाची बाजू सपाट असल्याचे वर्णन आहे. या आकारामुळे नौका वाऱ्याकडे उचलली जाते असे एक मत आहे. बाजूच्या तरंडाच्या (तोलासाठी आडव्या काठ्यांनी जोडलेल्या तरंगत्या ओंडक्याच्या) ओढीने नौका वळू नये म्हणून ही योजना असावी असे दुसरे, आणि ते अधिक सयुक्तिक दिसते. प्रोआ टॅक बदलताना वळत नाही. शीड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेतात, मागचे टोक पुढचे होते आणि तरंड वाऱ्याच्या अंगालाच राहतो.