‘धोकादायक’ या एका शब्दावर चौघांचा भार

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, विजेच्या इंडक्शन भट्टीच्या कठड्यावर लाल पत्रा ठोकलेला होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: ‘धोका’. झारखंडहून आलेल्या एका पोराने पहिल्याच आठवड्यात विचारलं, “यहाँ किसने किसको धोखा दिया?” आम्ही सगळे हसलो. त्याचं काही चुकलं नव्हतं हे हसून झाल्यावर ध्यानात आलं. हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक. आपल्याला सांगायचं असतं त्याला तिकडे खतरा म्हणतात. मराठीतही ‘धोका दिला’ म्हणजे फसवलंच, पण आपल्या डोक्यात दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदतात. त्याच्या डोक्यात एकच होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कारखाना कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० ची संहिता लागू झाली, आणि कारखान्यांतले फॉर्म, फलक, प्रशिक्षणाची पत्रकं नव्याने लिहायची वेळ आली. हा शब्दांचा गुंता आता झाला असं मात्र नाही, तो बराच जुना आहे.

फार मागे जायचं तर १८८१ चा पहिला कारखाना कायदा. शंभर किंवा अधिक कामगारांच्या गिरण्यांपुरता, मुख्यतः मुलांच्या कामाच्या तासांचा, आणि जोडीला यंत्रांना आडोसा करण्याबद्दल थोडंफार. कोल्हापूर तेव्हा संस्थान, त्यामुळे ब्रिटिश मुलखातला कायदा इथे आपसूक येत नसे. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये गिरणीचा पाया घातला, पुढे उद्यमनगरात लेथ आले, ऑइल इंजिनं बनू लागली. हात सापडणं, भाजणं हे सगळं होतंच, पण त्याला ‘नशीब’ यापलीकडे नाव नव्हतं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं आणि बरोबर महिन्याने, १ एप्रिलला, १९४८ चा कारखाना कायदा अमलात आला. त्यासोबत कायद्याची भाषाही आली.

त्या भाषेत ‘धोकादायक’चा पहिला मान यंत्राला मिळाला. कलम २३ चं म्हणणं होतं, की कोवळ्या वयाच्या कामगाराला पुरतं शिकवल्याशिवाय किंवा जाणत्या माणसाच्या नजरेखाली नसताना धोकादायक यंत्रावर उभं करायचं नाही. दुसरा मान कलम ८७ मधल्या ‘धोकादायक क्रियां’चा: ज्या कामांत इजेची, विषबाधेची किंवा रोगाची गंभीर जोखीम आहे, त्यांच्यासाठी राज्य सरकारने वेगळे नियम करायचे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांत अशा कामांची अनुसूचीमागून अनुसूची आहे. १९७६ च्या दुरुस्तीने तिसरी भर घातली, कलम ८८-अ, म्हणजे ‘धोकादायक घटना’. हे कलम मला सगळ्यांत शहाणं वाटतं, कारण त्यात कुणाला लागलं की नाही हा प्रश्नच नाही. क्रेन कोसळली, खाली कुणी नव्हतं, तरी कळवायचं. आपल्याकडे मात्र कुणाला लागलं नाही तर ‘देवानं राखलं’ म्हणून नारळ फोडतात आणि नोंदवही कोरी राहते.

चौथ्या मानाला कारण भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची ती रात्र, पाठोपाठ डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीतली ओलियमची (तीव्र गंधकाम्लाची) गळती, त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ठरवलेली कारखानदाराची निरपवाद जबाबदारी, आणि मग १९८७ ची दुरुस्ती. तिने ‘हॅझार्डस प्रोसेस’ नावाचा नवा प्राणी कायद्यात आणला. इंग्रजीत तो ‘डेंजरस’पासून वेगळा ओळखू येतो, पण माझ्या हातात पडलेल्या मराठी पत्रकांत त्याच्याही वाट्याला ‘धोकादायक’च आला. धोकादायक यंत्र, धोकादायक क्रिया, धोकादायक घटना, धोकादायक प्रक्रिया. हिंदीवाल्यांनी ‘परिसंकटमय’ असा शब्द घडवला. उच्चारताना जीभ अडखळते आणि कामगाराला तर तो मुळीच समजत नाही, पण वाचताच कळतं की हे काहीतरी निराळं आहे. आपण सोपा शब्द घेतला आणि फरक गमावला.

हा फरक नुसता शब्दकोशातला नाही. जुन्या कायद्याखाली कारखाना या चौथ्या प्रकारात बसला की कामावर घेण्याआधी वैद्यकीय तपासणी आणि पुढे बारा महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी आली. कामगाराच्या आरोग्याची नोंद ठेवायची आणि ती त्याला पाहू द्यायची. काय वापरतो, त्याने काय होतं, हे उघड करायचं. मालक-कामगारांची समिती नेमायची. आणि अगदी जवळ आलेलं संकट दिसलं तर ते वरिष्ठांना आणि निरीक्षकाला कळवायचा हक्क कामगाराला मिळायचा. काम सोडून बाहेर जायचा हक्क नव्हे हं, फक्त कळवायचा. २०१६ नंतर आणखी एक गोष्ट: बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीने अठरा वर्षांखालच्या मुलांना ज्या कामांतून बाहेर ठेवलं, त्यांत हीच ‘प्रक्रिया’ मोजली जाते. मामाच्या ओळखीने सोळाव्या वर्षी मोल्डिंगला, म्हणजे साचे घडवण्याच्या कामाला, लागून मिस्त्री होण्याची आपल्याकडची वाट तिथे कागदोपत्री बंद झाली. पण ज्याने फलकावर ‘धोकादायक’ एवढंच वाचलं, त्याला यातलं काय कळणार? त्याच्या लेखी घाटही धोकादायक आणि पावसाळ्यात पंचगंगाही धोकादायक.

मग या प्रकारात कोण बसायचं? १९४८ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २९ उद्योग होते आणि तिसऱ्याच क्रमांकावर फाउंड्री होती, लोखंडाची आणि बिगरलोखंडाचीही, सँड आणि शॉट ब्लास्टिंगने साफसफाईसकट. धातूचं ग्राइंडिंग, इलेक्ट्रोप्लेटिंग, कातडी कमावणं हेही होतं. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याची अर्धी ओळख तिथे सापडायची. पण साखर नाही! एकाच आवारात, एकाच कुंपणात, साखर कारखाना यादीबाहेर आणि त्याच्या मळीवर चालणारी डिस्टिलरी यादीत, कारण आंबवण्याचे उद्योग त्यात होते. मळीच्या टाकीत उतरलेला माणूस गुदमरतो तेव्हा ती टाकी भिंतीच्या अलीकडे होती की पलीकडे हे काही वायूला कळत नाही. (बंदिस्त टाकीत उतरण्याबद्दल कलम ३६ होतं आणि ते सगळ्यांनाच लागू होतं, हे न्यायाला धरून सांगितलं पाहिजे.)

यादीत नाव असलं की झालं, असंही नाही. व्याख्येत एक शेपूट आहे: विशेष काळजी घेतली नाही तर कामगारांच्या आरोग्याला लक्षणीय बाधा येईल किंवा परिसर दूषित होईल अशी प्रक्रिया. याच शेपटावर वाद आहे. आमच्याकडचे कारखानदार म्हणतात, “आम्ही काळजी घेतोच की, मग आमचं काम धोकादायक कसं?” ऐकायला बिनतोड वाटतं. माझ्या मते मात्र हे वाचन उलटं आहे. काळजी घेतली नाही तर काय होईल हे व्याख्या विचारते, तुम्ही घेता की नाही हे विचारत नाही. हेल्मेट घातलं म्हणून डोक्यावरची क्रेन हलकी होत नाही. पण लहान कारखानदाराची अडचणही खोटी नाही. बारा माणसांच्या जॉबवर्क फाउंड्रीत दरवर्षीची तपासणी, नोंदी, समिती हे सगळं कोण बघणार? त्यामुळे व्यवहारात तोडगा निघतो तो शब्दाचाच. फलकावर ‘धोकादायक’ राहतं, वहीत ‘प्रक्रिया’ येत नाही.

आता शॉपवरची भाषा बघा. तिथे धोका हे नामच फारसं ऐकू येत नाही. सगळा कारभार क्रियापदांचा. मेटल उडालं. हात सापडला. शॉक बसला. गॅस लागला. पट्ट्यात सदरा ओढला. इचलकरंजीत मागाचा धोटा उडाला, गुऱ्हाळावर चरकात बोटं गेली. प्रत्येक क्रियापदात इजा कशी होते ते भरलेलं आहे. ‘मेटल उडालं’ म्हणणाऱ्याला ठाऊक असतं, की स्क्रॅप ओलं होतं किंवा तोंड बंद असलेला पाइपचा तुकडा भट्टीत गेला. पाण्याची वाफ झाली की आकार साधारण १,७०० पट होतो आणि चौदाशे-पंधराशे अंशांच्या रसाखाली ती अडकली तर वाट काढतेच. पावसाळ्यात उघड्यावर पडलेलं स्क्रॅप हातात घेऊन भट्टीत माल सोडणारा जुना चार्जमन ते भट्टीच्या काठावर आधी तापवून मगच आत सोडतो. नव्या पोराला एवढंच सांगतो, “भावा, ओलं टाकशील तर उडंल.” पूर्वतापन हा शब्द त्याने कधी ऐकलेलाही नसतो. हे ज्ञान पत्रकात उतरताना ‘वितळलेल्या धातूच्या संपर्कापासून सावध राहा’ असं होऊन बसतं. संपर्क! जणू फोन लावायचा आहे.

धुळीला मात्र क्रियापद नाही. ती उडते, पण लागत नाही. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, बसलेल्या माणसाला सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत साठवून सिलिकोसिस होतो. तो कायद्यात कळवायच्या रोगांच्या यादीत आहे आणि भरपाईच्या कायद्यातही आहे, पण घरात त्याला ‘दमा’ म्हणतात, नाहीतर क्षय. जो आजार दुसऱ्याच नावाने ओळखला जातो, तो कळवला कसा जाणार?

‘सुरक्षा’चीही अशीच फरफट झाली. इंग्रजीतल्या ‘सेफ्टी’ला काहींनी सुरक्षितता केलं, काहींनी सुरक्षा. पण गेटवरचा गडीही सुरक्षा रक्षकच, आणि आपल्या जिल्ह्यात तो बहुधा निवृत्त फौजी. एका कारखान्यात ‘सुरक्षा अधिकारी’ पाहिजे म्हणून सूचना लागली, तर मुलाखतीला तीन माजी सुभेदार आले. कडक इस्त्री, मिशीला पीळ. त्यांना फायर एक्स्टिंग्विशर आमच्यापेक्षा चांगला चालवता येत होता, हे वेगळं.

आणि ‘अपघात’. कायद्याने कळवायचा अपघात म्हणजे मृत्यू, किंवा ज्याने कामगार ४८ तास किंवा अधिक कामावर येऊ शकत नाही अशी इजा. त्यामुळे हाताला पट्टी बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसलेला दिसतो. हजेरी लागते, चहा मिळतो, तो ‘कामावर’ असतो. त्याला लागलं हे सगळ्या खात्याला माहीत असतं, पण अपघात झालेला नसतो.

आता भाषेचा मूळ प्रश्न. कायद्याचा सारांश इंग्रजीत आणि कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायचा, हे १९४८ च्या कायद्याच्या कलम १०८ चं म्हणणं होतं. १९४९ मध्ये कोल्हापुरात ती भाषा कोणती हे विचारायचीही गरज नव्हती. आज मोल्डिंग आणि फेटलिंगला उभी असलेली पोरं ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातली. बहुसंख्य कुणाला म्हणायचं, पटावरच्यांना की ठेकेदाराकडच्यांनाही? फलक मराठीतच पाहिजे असं ठणकावणाऱ्यांत मीही एकेकाळी होतो. भट्टीजवळ तो हट्ट मी सोडला.

नव्या संहितेने वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. धोका कळवायचा हक्क मात्र आता यादीतल्या उद्योगांपुरता न ठेवता सगळ्याच कर्मचाऱ्यांना दिला. सेफ्टी ऑफिसर पूर्वी हजार कामगारांवर लागायचा, आता पाचशेंवर, आणि ‘प्रक्रिया’ असेल तर अडीचशेंवर. म्हणजे त्या चौथ्या मानाचं वजन आणखी वाढलं. निरीक्षकाच्या नावाला शेपूट लागलं, ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’, आणि तो ‘सोय करून देणारा’ही झाला. त्या पदाला चांगलं मराठी नाव कुणी सुचवेल तर बरं.

शिरोलीतला तो लाल पत्रा पुढे बदलला. नव्यावर वरती मराठीत लिहिलं: ‘इथे मेटल उडतं. ओलं स्क्रॅप टाकू नका.’ खाली तेच हिंदीत. तिसरी ओळ ओडियात हवी होती. पेंटरला ती लिपी येत नव्हती, म्हणून एका मोल्डरने मोबाइलवर ओळ मोठी करून त्याच्यासमोर धरली आणि पेंटरने एकेक गोल अक्षर चित्र काढावं तसं उतरवून घेतलं. एक कान्यासारखं काहीतरी चुकलंय म्हणे. मोल्डर म्हणाला, “चालेल, समजतंय.”