आझाद हिंद फौजेतील १९४२ च्या बेबनावाची मुळे

आझाद हिंद फौजेची कथा आपल्याकडे बहुधा जुलै १९४३ पासून, म्हणजे सुभाषबाबू सिंगापुरात पोहोचले तेव्हापासून सांगितली जाते. पण त्याआधी ही फौज एकदा उभी राहून मोडली होती, आणि ती का मोडली हे समजून घ्यायचे तर जपान्यांच्या हेतूंइतकेच तिच्यातील अधिकाऱ्यांच्या आपसातील संबंधांकडेही पाहावे लागते.

डिसेंबर १९४१ मध्ये मलायातील जित्रा येथे ब्रिटिशांची फळी कोसळली आणि चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतील कॅप्टन मोहन सिंग जपान्यांच्या हाती लागले. जपानी लष्कराच्या गुप्तवार्ता विभागातील मेजर फुजिवारा यांच्याशी त्यांचा जो स्नेह जुळला, त्यातूनच फौजेची कल्पना आकाराला आली. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरच्या फॅरर पार्कवर हजारो हिंदी युद्धकैद्यांसमोर तिची हाक दिली गेली, आणि काही महिन्यांत हा कॅप्टन जनरल झाला. खरी अडचण येथेच होती. कैद्यांमध्ये निरंजन सिंग गिल आणि सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले यांच्यासारखे, सँडहर्स्ट या ब्रिटनमधील लष्करी अकादमीत शिकलेले लेफ्टनंट कर्नल होते. ज्येष्ठतेची उतरंड अंगवळणी पडलेल्या सैन्यात कनिष्ठाचा हुकूम मानणे अनेकांना जड गेले.

विरोध केवळ मानापमानाचा नव्हता. मोहन सिंगांच्याच पलटणीतील शाहनवाझ खान त्यांना दहा वर्षे ओळखत होते. मोहन सिंग सामान्य वकुबाचे अधिकारी आहेत, जपान्यांच्या डावपेचांपुढे त्यांचा निभाव लागणार नाही, असे शाहनवाझ यांचे मत होते. त्याच पलटणीतील गुरबक्ष सिंग धिल्लाँ मात्र मैत्रीपोटी मोहन सिंगांच्या बाजूने गेले.

निभाव लागला नाही हे खरे. परंतु मोहन सिंग जपान्यांपुढे वाकलेही नाहीत, आणि हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. जपान्यांनी गिल यांना अटक केल्यावर त्यांच्याशी मोहन सिंगांचा वाद विकोपाला गेला, तेव्हा आपल्याला पकडले तर फौज विसर्जित समजावी, बिल्ले आणि कागदपत्रे नष्ट करावीत, असा आदेश त्यांनी आधीच लिहून ठेवला. २९ डिसेंबर १९४२ रोजी फौज ज्या इंडियन इंडिपेंडन्स लीगच्या अधीन होती तिचे प्रमुख रासबिहारी बोस यांनी त्यांना पदच्युत केले, अटक झाली आणि आदेश अमलात आला.

१९४३ मध्ये नव्याने जुळवाजुळव करताना लष्करी कारभार ज्येष्ठ भोसल्यांकडे सोपवला गेला आणि शाहनवाझही फौजेतच राहिले. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यावरील खटल्यात ते धिल्लाँ व प्रेम सहगल यांच्यासोबत आरोपी म्हणून उभे होते. मोहन सिंगांविषयीचे आपले मत त्यांनी तेथील निवेदनातही लपवले नाही.