एकटी इमारत आणि कोकणातली बाजारपेठ: विद्यार्थी-प्रकल्पांची पार्श्वभूमी

रत्नागिरीचा मासळी बाजार, चिपळूणचं एसटी स्टँड, मालवणची जेटी, सावंतवाडीत मोती तलावाकाठी कलादालन. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या थिसिसला असे विषय घ्यायची आता रीतच पडली आहे. मुंबई, पनवेल, पुणे, कोल्हापूरच्या कॉलेजांत शिकणारी कोकणातली मुलं आपल्याच गावची साइट घेऊन ज्यूरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, उभी राहतात. शीटवरची इमारत बहुधा देखणी असते, पण बाजारपेठेत ठेवून पाहिली की उपरी वाटते. विद्यार्थ्याला कल्पकता नाही म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मात्र चारी बाजूंनी सुटी, एकटी उभी इमारत काढण्याची सवय त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. ती दोन वाटांनी आली, आणि दोन्ही वाटा मुंबईहून निघतात.

पहिली वाट शिक्षणाची. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये सुरू झालं. तिथे 1896 मध्ये ड्राफ्ट्समनचे वर्ग निघाले आणि 1913 पासून आर्किटेक्चरचा रीतसर अभ्यासक्रम चालू झाला. वळण ब्रिटिश होतं. त्या काळच्या युरोपातल्या वास्तुशिक्षणावर पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेची मोठी छाप होती: विषय हातात द्यायचा, ठरावीक तासांत कच्चा आराखडा करून घ्यायचा आणि मग आठवडेच्या आठवडे तोच घोटत बसायचं. जागा बऱ्याचदा कागदावरचीच असे, सपाट आणि ऐसपैस. शेजारी कोण राहतं, पाणी कुठून वाहतं, हे प्रश्नच नसत. प्लॅन सममितीत बसला आणि एलेव्हेशनवर, म्हणजे दर्शनी बाजूच्या चित्रावर, सावल्या नीट पडल्या की काम फत्ते.

1923 ते 1943 या काळात ब्रिटिश आर्किटेक्ट क्लॉड बॅटली जे. जे.च्या आर्किटेक्चर विभागाचे प्रमुख होते. त्यांनी विद्यार्थ्यांना इथल्या जुन्या वास्तू प्रत्यक्ष मोजून काढायला लावलं. ऊन, वारा, पाऊस यांचा विचार डिझाइनमध्ये यायला हवा असा आग्रह धरला. आपल्याकडच्या वास्तुशिक्षणावर याहून मोठा उपकार कुणी केला असेल असं मला वाटत नाही. तरी मापं घेतली जात ती एकेका वास्तूची. आळीची मापं घ्यायला अजून बराच अवकाश होता.

दुसरी वाट साथीची. ड्राफ्ट्समनचे वर्ग निघाले त्याच 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्तीत हवा-उजेड नाही म्हणून रोग फैलावतो, असं ठरलं आणि 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दोन इमारतींमध्ये किती अंतर हवं हे उजेडाच्या कोनावरून ठरू लागलं. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम जुने आर्किटेक्ट अजून सांगतात. 1915 मध्ये मुंबई इलाख्यासाठी नगररचनेचा कायदा आला, 1966 मध्ये महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना अधिनियम. गिरणगावातल्या कोंदट खोल्यांसाठी घडलेला विचार अशा रीतीने ‘मार्जिन’ होऊन कोकणातल्या नगरपालिकांपर्यंत पोचला. पुढे इतकी, बाजूला इतकी, मागे इतकी जागा सोडा, मधे काय बांधायचं ते बांधा. त्या खोल्यांत राहणारे निम्मेअधिक चाकरमानी कोकणातलेच असतील, हा योगायोगही गमतीचा.

आता कोकणातली जुनी बाजारपेठ पाहा. दुकानाला दुकान खेटून, मधली भिंत बऱ्याचदा सामाईक. जांभ्याच्या चिऱ्यांचं जोतं, पुढे फळ्यांचं दुकान, वर माडी, आणि सगळ्याच्या पुढे उतरत्या कौलारू छपराखाली पडवी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. तो सरळ पडत नाही, वाऱ्यासोबत आडवा येतो. झड अडवायला पूर्वी पडवीला माडाच्या पात्यांचे विणलेले झाप बांधत, आता ताडपत्री असते. गिऱ्हाईक पडव्यांपडव्यांतून पुढे सरकतं, छत्री मिटूनच. एका इमारतीने तीन मीटर मागे सरून पुढे गाडी लावायला जागा केली की ही सलग सावली तिथे तुटते. रत्नागिरीच्या राम आळीसारख्या गल्लीत हे मार्जिन पाळून केलेला प्रकल्प नियमांत अचूक बसतो आणि पावसात कुचकामी ठरतो.

इमारतीआधी रस्ता वाचायला शिकवणं ही पुढची पायरी होती. अमेरिकेत हार्वर्डमध्ये 1960 साली अर्बन डिझाइनचा, म्हणजे शहररचनेचा, स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. तिथल्याच कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक कॉलिन रो यांनी शहराचा काळा-पांढरा नकाशा विद्यार्थ्यांच्या हाती दिला: बांधलेलं ते काळं, मोकळं ते पांढरं. त्याची मुळं नोल्ली याने 1748 मध्ये छापलेल्या रोमच्या नकाशात आहेत. आपल्याकडे 1995 च्या मुंबईच्या हेरिटेज नियमावलीनंतर जुना शहरभाग हा अभ्यासाचा विषय म्हणून आणखी ठळक झाला. तोवर कॉलेजांच्या बसगाड्या ‘सेटलमेंट स्टडी’साठी, म्हणजे अख्ख्या वस्तीच्या अभ्यासासाठी, गावोगाव उतरू लागल्याच होत्या. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या ‘नासा’ या संघटनेत दस्तऐवजीकरणासाठी अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यांच्या नावाची ट्रॉफी असते. तिच्यापायी कित्येक मुलांनी टेप आणि बटर पेपर घेऊन देवळं, वाडे, आळ्या पालथ्या घातल्या.

पण रोमचा नकाशा गुहागरला चालत नाही. तिथे किनाऱ्याला समांतर एक लांब रस्ता, त्याच्या कडेने घरं, समुद्राच्या बाजूला प्रत्येक घरामागे नारळी-पोफळीचं अरुंद लांबोडकं आगर आणि त्यापलीकडे पुळण. काळ्या-पांढऱ्या नकाशात घरं ठिपक्यांएवढी दिसतात आणि आगर नुसतं कोरं उरतं. गावाचा आकार मात्र त्या कोऱ्या भागानेच ठरवला आहे. रत्नागिरीसारख्या चढउताराच्या शहरात तर प्लॅनमधून काहीच कळत नाही. तिथे सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढावा लागतो, खालच्या आळीपासून वरच्या आळीपर्यंत, पाखाडीच्या (चढावरच्या पायवाटेच्या) पायऱ्या मोजत. माझ्या मते कोकणातल्या साइटवर ज्यूरीने पहिलं शीट सेक्शनचंच मागावं. सडा, म्हणजे जांभ्याचं कातळी पठार, हाही असाच फसवतो. वरून उजाड कातळ दिसतो, म्हणून ‘रिकामी साइट’ समजून त्यावर काहीही काढलं जातं. त्याच सड्यांवरची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

अलीकडे साइटला आणखी रेषा चिकटल्या आहेत. 1991 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा नियमांखाली आणला. 2011 आणि 2019 मध्ये ती बदलली. डिसेंबर 2020 मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात दाट वस्तीच्या भागाला मार्जिनची सवलत आहे, विद्यार्थी मात्र ते कलम क्वचितच उघडतात. मग 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. बाजारपेठेत काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. 1864 सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदाही 2005 नंतर पुन्हा पाण्यात गेली. तेव्हापासून चिपळूणच्या प्रत्येक थिसिसमध्ये निळी आणि लाल पूररेषा दिसते. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

विद्यार्थ्यांचं त्यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे सगळी इमारत खांबांवर उचलायची आणि खाली पार्किंग दाखवायचं. पाणी खालून निघून जातं हे खरं. पण किराणा, कापड, भांडी विकणारा दुकानदार दहा फूट वर जाऊन बसला तर रस्त्यावरचं गिऱ्हाईक त्याच्याकडे चढून येईल का? काही मोजक्या प्रकल्पांत याचा विचार झालेला दिसतो: दुकान रस्त्यालगतच ठेवायचं, माल मात्र वरच्या माळ्यावर, जोत्याला चिरा, फळ्या सुट्या होणाऱ्या, विजेचे बोर्ड छताजवळ, आणि पुढची पडवी शेजाऱ्याच्या पडवीला जोडलेली. चिपळूणच्या जुन्या दुकानदारांनी यातल्या काही गोष्टी 2005 नंतर कुणी आर्किटेक्ट न बोलावता स्वतःच करून घेतल्या होत्या.