खेळ घेणारा असिस्टंट आणि उपचार ठरवणारा थेरपिस्ट

अमेरिकेतल्या ज्या राज्यांत रिक्रिएशनल थेरपीसाठी, म्हणजे खेळ, छंद, कला यांतून केल्या जाणाऱ्या उपचारांसाठी, परवान्याचा कायदा आहे, तिथे या क्षेत्रातल्या असिस्टंटला स्वतंत्रपणे उपचार करता येत नाहीत. त्याच्यावर परवानाधारक थेरपिस्टची क्लिनिकल देखरेख लागते. पत्ते, बागकाम, पोहणं, चित्रकला घेणाऱ्यावर एवढी नजर कशाला, असं बाहेरच्याला वाटतं. पण हा पेशा कसा घडला ते पाहिलं की या नियमामागचं कारण उलगडतं.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन रेडक्रॉसने लष्करी रुग्णालयांत करमणुकीची सोय केली, तेव्हा हेतू साधा होता. जखमी सैनिकाचं मन रमावं, बस्स. शिकागोच्या हल हाउस या समाजसेवा केंद्रात नेव्हा बॉइड यांनी खेळ घेणाऱ्यांना रीतसर शिकवायला सुरुवात केली. खरं वळण आलं ते 1930 च्या दशकात, कॅन्ससमधल्या टोपीका इथल्या मेनिंजर क्लिनिकमध्ये. कोणत्या रुग्णाला चुरशीचा खेळ द्यायचा आणि कोणाला एकट्याने करायचं शांत काम, हे तिथे मनोविकारतज्ज्ञ ठरवू लागले. डॉक्टर ठरवणार आणि दुसरं कोणीतरी खेळ घेणार, ही विभागणी इथे स्पष्ट दिसू लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या रुग्णालयांत या कामाला माणसं अपुरी पडू लागली. त्याच सुमाराला पेशात दोन तट पडले. रुग्णालयातली करमणूक हा रुग्णाचा हक्कच आहे, तिला उपचाराचं लेबल कशाला, असं एका तटाचं म्हणणं. दुसऱ्या तटाला ती उपचारपद्धतीच वाटत होती, आणि 1953 मध्ये त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना उभी केली. मला दोघांचंही म्हणणं पटतं. मात्र देखरेखीचा प्रश्न निर्माण होतो तो दुसऱ्या भूमिकेतून, कारण उपचार म्हटलं की जबाबदारी कोणाची हे सांगावंच लागतं. 1956 मध्ये हे काम करणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली तेव्हा संचालक, प्रमुख आणि मदतनीस अशा तीन पायऱ्या ठेवल्या गेल्या. आजच्या असिस्टंटचं मूळ त्या तिसऱ्या पायरीत आहे. शेजारच्या ऑक्युपेशनल थेरपीनेही 1958 मध्ये असिस्टंटच्या प्रशिक्षणाला मान्यता दिली.

युटा राज्याने 1975 मध्ये या पेशासाठी परवाना आणला. 1981 मध्ये राष्ट्रीय प्रमाणपत्र मंडळ स्थापन झालं. या मंडळाने काही काळ असिस्टंटनाही प्रमाणपत्र दिलं, पुढे ते बंद केलं. नॉर्थ कॅरोलायनात 2005 च्या कायद्याने थेरपिस्ट आणि असिस्टंट असे दोन वेगळे परवाने आले.

एव्हाना कामाची वाटणीही पक्की झाली होती. रुग्णाची तपासणी, उपचाराचा आराखडा, प्रत्यक्ष कार्यक्रम आणि परिणामांचं मूल्यमापन या चार टप्प्यांपैकी असिस्टंटचा मुख्य वाटा तिसऱ्यात असतो. समजा, पक्षाघातातून सावरणाऱ्या आजी कुंड्यांत रोपं लावताहेत. डावीकडच्या कुंड्यांकडे त्या वळूनही बघत नाहीत, हे सर्वात आधी असिस्टंटच्या लक्षात येतं. त्याने नोंद केली आणि थेरपिस्टने ती वाचली, तर डाव्या बाजूकडे मेंदूचं दुर्लक्ष होत असल्याची शंका येऊन पुढचा आराखडा बदलतो. नोंद कोणी वाचलीच नाही, तर दुपार छान गेली एवढंच हाती राहतं. म्हणून क्लिनिकल देखरेख म्हणजे ड्युटी लावणं किंवा रजा मंजूर करणं नव्हे. सत्र प्रत्यक्ष पाहणं, केसवर बोलणं, नोंदींची जबाबदारी घेणं हा तिचा गाभा आहे. ती असिस्टंटवर अविश्वास दाखवण्यासाठी आहे असं मला वाटत नाही. त्याच्या नजरेला उपचारात जागा मिळते ती तिच्यामुळेच. शिवाय औषध बदललेल्या फीट येणाऱ्या रुग्णाला आज पाण्यात उतरवायचं का, अशा निर्णयाचा भार त्याच्या एकट्यावर पडत नाही.

दुखणं असं की परवान्याची राज्यं अजूनही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. तिथल्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे दीर्घकाळ देखभाल लागणाऱ्यांच्या निवासी केंद्रांत, उपक्रम पात्र व्यक्तीच्या हाताखाली चालावेत असं अमेरिकेच्या केंद्र सरकारचे नियम सांगतात, पण ती व्यक्ती रिक्रिएशनल थेरपिस्टच असली पाहिजे असं नाही. अनुभव किंवा राज्यमान्य प्रशिक्षण पुरतं. त्यामुळे तिथल्या मदतनिसाला वरिष्ठ असतो, क्लिनिकल मार्गदर्शक असेलच असं नाही.

भारतात 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या परिशिष्टात मूव्हमेंट थेरपिस्टच्या नोंदीत रिक्रिएशनल थेरपिस्टचाही उल्लेख आहे. हा कायदाही दोन पायऱ्या मानतो. किमान 2000 तासांचं शिक्षण घेतलेला संलग्न व्यावसायिक इतरांनी सुचवलेली उपचार योजना अमलात आणायला मदत करतो, तर आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान 3600 तासांचं शिक्षण लागतं. आपल्याकडच्या वृद्धाश्रमांत आणि डे-केअर केंद्रांत रोज ‘ॲक्टिव्हिटी’ घेणाऱ्या मुलामुलींच्या नोंदी वाचणारं, त्यांच्याशी केसवर बोलणारं माणूस नेमायचं असेल, तर त्याला आधार म्हणून निदान हा कायदा आता आहे.